गावच्या ग्रुपात चारशे जण, वाचनालयात दहा-बारा: मेळ कसा घालायचा?

मार्कंडेयकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या आमच्या गावात युवक मंडळाचं छोटं वाचनालय आहे. मारुतीच्या देवळाला लागून खोली, दोन कपाटं पुस्तकं, रोजचे दोन मराठी पेपर आणि एक कन्नड. दर रविवारी संध्याकाळी बैठक असते. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चारशेच्या घरात गेलाय. त्यात गावात राहणारे आहेत, पुण्यात आणि गोव्यात नोकरीला असलेले आहेत, सैन्यातली पोरं आहेत, लग्न होऊन चंदगडकडं गेलेल्या लेकी आहेत. ग्रुपवर दिवसभर वर्दळ. रविवारी खोली उघडली की दहा-बारा जण, तेही ठरलेलेच.

मनाला जास्त लागतं ते वेगळंच. गावात कुणी वारलं की तासाभरात दीडशे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येतात. रक्षाविसर्जन झाल्यावर मात्र त्या घरची पायरी चढणारे मोजके.

जुन्या लोकांचं म्हणणं, ग्रुपच बंद करा. तसं केलं तर बाहेरगावची माणसं तुटतात. मला विचारायचंय ते असं: कुठलं काम फोनवर ठेवावं, कुठलं समोरासमोरच करावं, ग्रुपच्या सेटिंग काय असाव्यात आणि माणूस खोलीपर्यंत यावा म्हणून नेमकं काय करावं? मोघम नको, उद्यापासून करता येईल असं सांगा.

टिळकवाडी_वाचक

चारशे ही संख्या अडचणीची नाही, एका ग्रुपात १०२४ जण मावतात. अडचण अशी की बैठकीची सूचना, मयताची बातमी, वाढदिवस, क्रिकेटचा स्कोअर आणि कुठून कुठून आलेले फॉरवर्ड एकाच ओळीतून वाहतात. माणूस सकाळी डेअरीला दूध घालून येतो, फोन उघडतो, तर दोनशे मेसेज साचलेले. तो थेट शेवटाला जातो. रविवारची सूचना वरच कुठंतरी राहते. वैतागून ग्रुप म्यूट केला की पुढच्या सूचनाही त्याला वेळेत दिसत नाहीत.

म्हणून आधी वाटणी करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘कम्युनिटी’ काढता येते. ती काढली की सूचनांचा एक ग्रुप आपोआप तयार होतो आणि त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. तुमचा आत्ताचा ग्रुप आहे तसा त्या कम्युनिटीत जोडा, तो गप्पांसाठी राहू दे. त्यातले सगळे सूचनांच्या ग्रुपात आपसूक येतात, एकेकाला घालत बसावं लागत नाही. आणखी एक छोटा ग्रुप काढा, रविवारी प्रत्यक्ष येणाऱ्यांचा. तो तीस-पस्तीसच्या वर जाऊ देऊ नका. कुणी सलग दोन महिने आला नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारा, न सांगता काढून टाकू नका.

ब्रॉडकास्ट यादीचा, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीचा, विचार डोक्यात असेल तर तिची मेख आधी बघा. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. गावात निम्म्या लोकांनी सेक्रेटरीचा नंबर सेव्ह केलेला नसतो, आणि पोचला नाही हे पाठवणाऱ्याला पटकन कळतही नाही.

सूचनांच्या ग्रुपवर आठवड्याला दोनच मेसेज पुरेत. गुरुवारी रात्री जेवणाच्या सुमारास एक, रविवारी दुपारी एक. गुरुवार अशासाठी की रविवारी लग्न, साखरपुडा, बाजार काय काय आहे ते लोक तेव्हाच ठरवत असतात. गुरुवारचा मेसेज पिन करा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते, तुम्ही ७ दिवस ठेवा. मजकूर साधारण असा असावा:

“रविवार, संध्या. ७ ते ८.३०, वाचनालय. विषय: रताळ्याचं वाण आणि यंदाचा दर. बोलणार: खालच्या गल्लीतले दोघे शेतकरी. सतरंज्या: वरची गल्ली. चहा: देवळामागची चार घरं. दार ६.३० ला उघडेल.”

‘सर्वांनी उपस्थित राहावे ही नम्र विनंती’ ही ओळ कायमची काढून टाका. तिच्यात कुणाचंच नाव नसतं, म्हणून ती कुणीच स्वतःवर घेत नाही.

बैठकीची वेळ पोल घेऊन ठरवू नका. दर आठवड्याला वेळ बदलली की कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि ज्यांनी मत दिलं त्यांना मत देऊनच सहभाग झाल्यासारखं वाटतं. पोल ठेवायचा तर चहा-नाष्ट्याला किती जण धरायचे एवढ्यापुरताच, तोही शनिवारी रात्री बंद.

फोटोंचंही बघा. रविवारी रात्री चाळीस फोटो टाकले की घरी बसलेल्याला सगळं बघून झाल्यासारखं होतं. मंगळवारी दोन-तीनच टाका. बाकीचे महिन्यातून एकदा छापून आणून खोलीच्या भिंतीवर लावा. आपला फोटो बघायला तरी माणूस आत येतो.

फॉरवर्डवर भांडत बसू नका. ज्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो तो आधी खूप वेळा पुढं गेलेला असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं. ‘दुहेरी बाणाचा मेसेज निघेल’ एवढी एक ओळ ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. दर गल्लीचा एक अ‍ॅडमिन करा. सगळे अ‍ॅडमिन मंडळाचे पदाधिकारीच असले की मेसेज काढण्यावरून गावात गट पडतात.

खानापूर_रानवाट

टिळकवाडीकर म्हणतात ते सेटिंग करून घ्याच. पण सेटिंग केल्यानं माणूस उठून खोलीत येत नाही, त्याला वेगळी तजवीज लागते आणि ती आपल्याकडं आधीपासून आहे की.

सात दिवसांच्या ज्ञानेश्वरी पारायणात वीणेचा पहारा असतो. वीणा रात्रंदिवस खाली ठेवायची नसते. ऐन थंडीत पहाटे तीनच्या पहाऱ्याला माणूस तोंड धुऊन, टोपी घालून हजर होतो, कारण यादीत त्याचं नाव आणि त्याचा तास लिहिलेला असतो, आणि आधीचा माणूस वीणा गळ्यात घेऊन त्याची वाट बघत उभा असतो. हा आला नाही तर त्याला सुटका नाही. त्या यादीत ‘सर्वांनी यावे’ असं कुठंच नसतं.

रविवारच्या बैठकीला तशीच यादी लावा. कामं पाच धरा: किल्ली आणि झाडलोट, सतरंज्या, चहा, पेपरातल्या दोन बातम्या मोठ्यानं वाचणं, पुस्तकांची देवघेव वहीत मांडणं. प्रत्येक कामाला दोन नावं, एक वयानं मोठं, एक पोरगं किंवा पोरगी. म्हणजे एका रविवारचे दहा जण झाले. महिन्याच्या चार रविवारांना वेगवेगळे दहा धरले तर चाळीस घरांचा हात लागतो. महिन्यात पाचवा रविवार आला तर त्या दिवशी पाळी कुणाचीच नाही, नुसतं बसायचं.

किल्ली दुकानात ठेवायची नाही. या रविवारच्याने ती पुढच्या रविवारच्याच्या घरी नेऊन हातात द्यायची, फक्त एक जादा किल्ली देवळाच्या पुजाऱ्याकडं असू दे. हा नियम लहान वाटतो, पण एरवी कामाशिवाय एकमेकांकडं न जाणारी दोन घरं त्यामुळं आठवड्यातून एकदा उंबऱ्यावर भेटतात. बसा म्हटलं जातं, चहा होतो. सतरंज्यांचा गठ्ठाही तसाच फिरवता येतो.

हे बिघडतं ते एका ठरलेल्या जागी. कुणी पाळी चुकवली की सेक्रेटरी धावत जाऊन ते काम स्वतः करतो. तसं करू नका. चहाची पाळी चुकली तर त्या रविवारी चहा नाही. बोलून दाखवायचंही नाही. पुढच्या वेळी तो येतो. सगळं सेक्रेटरीनंच केलं की सहा महिन्यांत वाचनालय त्याच्या एकट्याचं होऊन बसतं.

आता तासांचं. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास, खरा मित्र व्हायला सुमारे ९० तास आणि जवळचा मित्र व्हायला २०० तासांच्या वर एकत्र घालवावे लागतात असं दिसलं. अभ्यास अमेरिकेतल्या लोकांवरचा आहे, आकडे ढोबळच घ्या. तरी हिशोब करून बघा. महिन्यातून एकदा दोन तासांची बैठक म्हणजे वर्षाला २४ तास. दर आठवड्याला दीड तास धरला आणि सणासुदीचे चार रविवार सोडले तरी ७२ होतात. म्हणून वर्षातून एक मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर आठवड्याचा दीड तास मला जास्त मोलाचा वाटतो. त्याच अभ्यासात नुसत्या कामापुरत्या सोबतीनं जवळीक फारशी वाढत नाही असंही आहे. तेव्हा दीड तास भाषणांनी भरू नका. सुरुवातीची वीस मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं मोकळी ठेवा.

टेबल आणि त्यामागं तीन खुर्च्या ही मांडणी मोडा. वीस माणसांत व्यासपीठ कशाला? गोल बसा, माईक नको.

फोन काढून घ्यायच्या फंदात पडू नका, माणसं दुखावतात. खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर सहा-आठ प्लगची चार्जिंगची पट्टी आणि फळी लावा. लोक आपणहून फोन तिथं ठेवतात. घरी म्हातारं किंवा लहान मूल असेल त्याला काळजी असते, म्हणून एक फोन आवाज चालू ठेवून दाराजवळ ठेवा आणि तो नंबर सगळ्या घरांना देऊन ठेवा.

रोपलावणीच्या दिवसांत, म्हणजे जून अखेर ते जुलै, आणि पुढं सुगीत गर्दीची अपेक्षा धरू नका. तेव्हा बैठक पाऊण तासाची करा, रात्री आठला घ्या, पण रद्द करू नका. तिघं आले तरी दार ठरल्या वेळी उघडलं पाहिजे. एकदा बंद दार बघून परतलेला माणूस पुढचे दोन-तीन रविवार घरातनं निघत नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा या गावांत साहित्य संमेलनं भरतात ती गावकऱ्यांच्या अंगमेहनतीवर. वर्गणी, मांडव, ग्रंथदिंडी, पाहुण्यांची जेवणं, सगळ्यांत गल्लीगल्लीचे हात असतात. तुमच्या भागात असं काही झालं की त्याच पंधरवड्यात मांडववाल्या, जेवणवाल्या पोरांना एकेक रविवार नेमून द्या. कामाची सवय ताजी असते तेव्हा ती पोरं नाही म्हणत नाहीत.

शहापूर_पेठ

दोघांचंही बरंचसं पटतं. मतभेद एकाच जागी आहे. सूचनांचा ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ केला ते ठीक, पण उत्साहाच्या भरात गप्पांच्या ग्रुपलाही कुलूप लावू नका. तसं झालं की आठवड्याच्या आत दुसरा ग्रुप निघतो, त्यात मंडळाचे लोक नसतात आणि गावातली खरी बोलणी तिकडं सरकतात. मग तुमच्याकडं उरतात नुसत्या नोटिसा.

ऑनलाइन म्हणजे खोटं आणि समोरासमोरचं तेवढंच खरं, अशी मांडणी मला मान्य नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या रॉबर्ट क्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये इंटरनेटमुळं एकटेपणा वाढतो असा निष्कर्ष मांडला होता. तोच गट पुढं त्याच घरांकडं पुन्हा गेला तेव्हा ते दुष्परिणाम बरेचसे विरलेले दिसले. तो पुढचा अभ्यास २००२ चा. टोरांटोजवळच्या एका नव्या वसाहतीत कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांनी पाहिलं तर जी घरं वसाहतीच्या नेटवर्कला जोडलेली होती, त्यांतल्या लोकांना शेजारी जास्त ओळखीचे होते. तिथली ईमेल यादी त्याच वसाहतीपुरती होती, म्हणून तिच्यावरच्या बोलण्यातून माणसं पुढं अंगणात भेटली. गावचा ग्रुप गावाबद्दल बोलला तर तो माणसं बाहेर काढतो. दिल्लीच्या राजकारणावर बोलला तर जो तो आपल्या खाटेवर बसून चिडतो.

म्हणून गप्पांच्या ग्रुपवर एकच प्रश्न विचारत चला: हे आपल्या गावाचं आहे का? हरवलेली म्हैस, बंद पडलेलं नळाचं पाणी, पाणंदीतला चिखल, रक्त हवंय, शेतात मोटार जळाली, टेम्पो उद्या मार्केट यार्डाला जाणार आहे आणि त्यात जागा आहे. हे सगळं चालू दे, भरपूर चालू दे. टेम्पोतल्या जागेच्या एका मेसेजनं दोन शेतकरी तासभर शेजारी बसून जातात.

आता दुखवट्याचं, कारण प्रश्नात तेच खरं बोचणारं आहे.

मयताची बातमी सूचनांच्या ग्रुपवरच द्यायची, घरच्यांना विचारून आणि एकाच माणसानं. नाव, वय, गल्ली, अंत्यविधी किती वाजता, कुठून निघणार. गप्पांच्या ग्रुपवर लोक श्रद्धांजली लिहितील, लिहू देत, पुण्यात असलेल्या भाच्याला दुसरं काय करता येणार? फक्त त्या दीडशे ओळींखाली अंत्यविधीची वेळ गाडली जात होती, ते आता होणार नाही. रक्षाविसर्जनाची वेळ त्याच मेसेजला रिप्लाय करून द्या, म्हणजे शोधावं लागत नाही.

पुढचं काम फोनवर होत नाही. बाराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. ओकं होतं ते त्यानंतर. म्हणून भेटीची यादी बाराव्यानंतर सुरू करा आणि सहा आठवडे चालवा. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोघांनी जायचं, अर्धा तास. खानापूरकरांनी सांगितलेली पाळी इथं फार उपयोगी पडते.

आणि रिकाम्या हातानं जाऊ नका, काम घेऊन जा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती झालीय का? दाखल्याच्या किती प्रती काढल्या? बँकेत वारस लावलाय का? रेशनकार्डावरचं नाव, विधवा वेतनाचा अर्ज, शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावं, हे सगळं त्या घरात कुणीतरी एकट्यानं ओढत असतं. आपल्या भागात अर्ज बहुतेक कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या बाईला तो वाचता येत नाही, आणि ती कुणाला विचारायला लाजते. कन्नड नीट लिहिता-वाचता येणारी दोन पोरं गावात नक्की असतात. त्यांची नावं या यादीत कायमची ठेवा. जाताना कोरा अर्ज, पेन आणि कागदपत्रांची झेरॉक्स ठेवायला प्लॅस्टिकची फाइल न्या. अर्ज भरता भरता ती बाई गेलेल्या माणसाबद्दल बोलायला लागते. तेव्हा पेन खाली ठेवायचा आणि ऐकायचं.

वाढदिवसाचं सोपं आहे. त्या महिन्यात ज्यांचा वाढदिवस आहे त्यांची नावं खोलीतल्या फळ्यावर लिहा. बाकी ज्याला वाटेल तो लिहील.

वडगावची_अक्का

सगळ्या दादांनी संध्याकाळी सात वाजता बैठक धरलीय. सातला घरात भाकरी भाजायची वेळ असते, त्यामुळं बायका येणार नाहीत आणि मग ‘बायकांना आवड नाही’ असं म्हटलं जाईल. महिन्यातून दोन बैठका दुपारी तीन ते साडेचार घ्या, रविवारच पाहिजे असं काही नाही. बचत गटाची बैठक ज्या दिवशी असते त्याच दिवशी, त्याच जागी, ती संपल्यावर अर्धा तास जोडला तर वेगळं निघावं लागत नाही.

ग्रुपबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्या. चारशे जणांच्या ग्रुपात पोरीचा नंबर चारशे जणांना दिसतो. रात्री अकराला अनोळखी ‘हाय’ येतो, ती कुणाला सांगत नाही, गुपचूप ग्रुप सोडते. ती का गेली हे मंडळाला कधी कळत नाही. कम्युनिटीच्या सूचनांच्या ग्रुपात इतर सदस्यांना नंबर दिसत नाही. तेव्हा ज्यांना नंबर दाखवायचा नाही त्यांना तेवढ्याच ग्रुपात राहू द्या, गप्पांच्या ग्रुपात घालण्याचा आग्रह नको. शिवाय प्रत्येकीला प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं’ तिथं ‘माझे कॉन्टॅक्ट’ करायला शिकवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण एका बाईनं दुसरीच्या शेजारी बसून दाखवलं तरच होतं.

दुसरं, बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात असतो. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे बाईनं वाचलं असं धरू नका. बायकांसाठीची सूचना अंगणवाडीच्या दारावर कागद चिकटवून द्या, नाहीतर शाळेतल्या मुलांच्या हाती चिठ्ठी पाठवा.

फोटो टाकायच्या आधी विचारा. सुना, मुली आणि लहान पोरं यांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय नकोच.

निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायकांना रोजच्या पानांचा हिशोब पुरा करायचा असतो, आपल्याकडं शिवणकाम आणि यंत्रमागावरच्या बायकांचं तसंच. अशांना दीड तास बसता येत नाही. हातातलं काम घेऊन या, एकीनं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी काम करत ऐकायचं, असं केलं तर जमतं. एका वेळी दहा-बारा पानं पुरतात. गोष्ट पुढच्या खेपेला पुरी होईल अशा जागी थांबवा. वाचणारीची पाळी बदलती ठेवा. अडखळत वाचणारीलाही वाचू द्या, मध्ये दुरुस्त करू नका.

मार्कंडेयकाठ

सगळ्यांचे आभार. पाळीची यादी आणि दुखवट्याच्या भेटी या दोन गोष्टी लगेच मांडतो. अक्का, दुपारच्या वेळेचं मंडळात आजवर कुणी बोललंच नव्हतं.

दोन शंका उरल्यात. गावातल्या साठ-एक घरांत म्हातारी माणसं साधा फोन वापरतात, त्यांच्यापर्यंत सूचना कशी न्यायची? आणि सैन्यातली, गोव्यातली पोरं व्हिडिओ कॉलवर बैठकीला जोडा म्हणतात. तसं केलं की खोलीतले सगळे स्क्रीनकडं तोंड करून बसतात आणि आवाजाचा गोंधळ होतो. काय करावं?

कणकुंबी_घाट

पहिल्या शंकेला फोनसाखळी. आमच्या घाटाकडं पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही जातात, त्यामुळं या भागाला ती नवी नाही. साठ घरांचे सहा भाग करा, प्रत्येकात दहा. सेक्रेटरी सहा जणांना फोन करतो, ते सहा जण आपापल्या दहा घरांना सांगतात. एका माणसावर दहाच्या वर घरं टाकू नका, तो कंटाळतो आणि चार घरं गाळतो. प्रत्येक भागाला दोन माणसं नेमा, कारण एक शेतात असला की फोन उचलत नाही. प्रत्येक भागाच्या यादीतल्या शेवटच्या घरानं उलटा सेक्रेटरीला फोन करायचा. तो आला नाही तर साखळी कुठंतरी तुटलीय, आणि कुठल्या भागात ते लगेच कळतं. निरोप एका वाक्याचा ठेवा: वार, वेळ, जागा. लांबला की तिसऱ्या घरापर्यंत त्यात बदल होतो.

फोनच्या जोडीला फळा. गल्लीच्या तोंडावर मंडळाचा फळा असतोच, पण तुमच्यासाठी सगळ्यात चांगली जागा दूध डेअरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातलं कुणीतरी तिथं किटली घेऊन उभं असतं, नंबर येईपर्यंत पाच-दहा मिनिटं रिकामी असतात. तिथं खडूनं, ठसठशीत अक्षरात लिहा. खाली कन्नडमध्ये एक ओळ द्या. गावात कन्नड बोलणारी घरं आहेत, आणि आपलीच बरीच पोरं कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात, त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. फळा दर दोन दिवसांनी पुसायचा आणि पुन्हा लिहायचा, मजकूर तोच असला तरी. जुना पडलेला खडू लोकांना दिसेनासा होतो.

दुसऱ्या शंकेबद्दल. बैठकभर व्हिडिओ कॉल ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर एका वेळी ३२ जण बसतात, पण खोलीत खरं बिघडवतो तो प्रतिध्वनी. खोलीतले तीन-चार जण आपापल्या फोनवरून जोडले जातात आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो. म्हणून खोलीतून एकच फोन जोडायचा, त्याला छोटा ब्लूटूथ स्पीकर लावायचा, बाकी कुणी जोडायचं नाही. सुरुवातीची पंधरा मिनिटं बाहेरगावच्यांची, दर बैठकीला कुणातरी एका पोराला बोलायला द्यायचं, इतरांनी माईक बंद ठेवायचा. सव्वासातला कॉल बंद, मग बैठक. दुसऱ्या दिवशी बैठकीत काय झालं ते तीन-चार मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगून त्यांना पाठवा. रात्रपाळीवर असलेला किंवा रेंज नसलेल्या चौकीवरचा पोरगा तो सवडीनं ऐकतो, आणि गावातला ओळखीचा आवाज ऐकायला त्याला आवडतं.

सैन्यातल्या पोरांबाबत एक नियम कडक पाळा. कोण कुठं पोस्टिंगला आहे, कुठल्या युनिटमध्ये आहे, रजेवरून कधी परतणार, हे ग्रुपवर लिहायचं नाही. वर्दीतला फोटोही टाकायचा नाही. लष्करानं २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितले होते, ते याच काळजीनं. घरच्यांना कौतुकानं टाकावंसं वाटतं, पण अ‍ॅडमिननं लगेच काढावं आणि आईवडिलांना घरी जाऊन समजावून सांगावं, ग्रुपवर टोकू नये.

बाहेरगावच्या मंडळींचं प्रत्यक्ष येणं चतुर्थीला, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला होतं. त्या दिवसांतली एक संध्याकाळ दोन महिने आधी ठरवा, म्हणजे रजा आणि रेल्वे-बसचं तिकीट त्या हिशोबानं काढता येतं. चतुर्थीत पहिला आणि दुसरा दिवस घरचे असतात, पाहुणे आणि जेवणं चालू असतात, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीची दुपार मोकळी मिळते. त्या दिवशी त्यांना पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवू नका. पाळीच्या यादीत त्यांचीही नावं घाला, चहा त्यांनाच करू द्या. गोव्यातून येणाऱ्यांना आणखी एक काम देता येईल. चोर्ला घाटानं ते महिन्या-दोन महिन्यांत येऊन जातात, तेव्हा वाचनालयाची चार पुस्तकं तिकडं राहणाऱ्या गावकऱ्यांसाठी न्यायची आणि आधीची परत आणायची. वहीत त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा, परत करायची तारीख पुढच्या सणाची लिहा. पुस्तक न्यायला-आणायला तिकडचे चार जण एकमेकांच्या खोलीवर जातात, एरवी ते फक्त ग्रुपवर भेटत असतात.